शिसवाची आजारी रांग

दिल्लीहून परत आले तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, कुतुबमिनार पाहिलास का? नाही पाहिला. लाल किल्ला बसच्या खिडकीतून दिसला, तोही अर्धा, कारण पुढच्या सीटवरच्या बाईंच्या मांडीवर कूलर होता. आठ दिवसांतले तीन दिवस मी नोएडातल्या एका भिंतीच्या कडेला उकिडवी बसून माती उकरत होते. त्याचंच हे वर्णन आहे. ज्यांना मिनार हवेत त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं.

आधी माझ्याबद्दल. मी बी.एस्सी. कृषी आहे. हे मी कुणी न विचारताही सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आई चंद्रपूरकडे रोपवाटिकेत रोजंदारीवर होती, प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरायची. मी आता एका खासगी रोपवाटिकेत रोपांचे रोग पाहते. आईने भरलेल्या पिशव्या आणि माझं सर्टिफिकेट, दोन्हींचा मला सारखाच अभिमान आहे.

दसऱ्याच्या आधी भाऊजींचं अंतर्देशीय पत्र आलं. भाऊजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे, लताताईचे यजमान. दिल्लीत सरकारी नोकरी, सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर. त्यांच्यासारख्या मराठी नोकरदारांनी मिळून नोएडात सहकारी सोसायटी उभी केली होती. पत्रात लिहिलं होतं: ‘भिंतीलगत चाळीस शिसवं लावली. तीन वर्षांची झाली. आता त्यांतली एकेक पिवळी पडून वाळते आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी सभा आहे. सगळीच झाडं काढून तिथे गाड्या लावायला फरशी घालायचा ठराव येणार आहे. तू झाडांची डॉक्टर. येशील का?’

झाडांची डॉक्टर! रजा टाकली, बल्लारशाहून गाडी पकडली.

सरोजिनी नगर, मंगळवार

क्वार्टर दोन खोल्यांचं. खिडकीतून केबल टीव्हीच्या वायरी अशा लोंबत होत्या की कपडे वाळत घालायच्या दोऱ्या कुठल्या आणि वायरी कुठल्या ते कळेना. ताईने दारातच ओवाळल्यासारखी माझी पाहणी केली. “वाळलीस गं. तिकडे खायला देतात की नाही?” मग ताटात मुळ्याचे पराठे, पांढरं लोणी आणि बाजूला आपली झुणक्याची वाटी. मुळा किसून कणकेत भरायचा हे मला पटलं नव्हतं. तिसऱ्या पराठ्याला पटलं.

त्यांची मुलगी मीनू कॉलेजात जाते. आईशी मराठी सुरू करते आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोचते. “मौसी, तू खरंच झाडं तपासतेस? यार, काय स्टेथोस्कोप लावतेस?”

“खुरपं लावते,” म्हटलं.

जेवण झाल्यावर भाऊजींनी आलेखाचा कागद पसरला. चाळीस गोल, प्रत्येकात नंबर, हिरव्या पेन्सिलीने भरलेले. अकरा गोल पिवळे.

“हे बघ सुमन,” ते म्हणाले, “सत्तावीस वर्षं या क्वार्टरांत काढली. बाहेरचा कडुनिंब पाहिलास ना? त्याच्या बुंध्यावर डांबराने नंबर घातलाय. फांदी तोडायची तर अर्ज करावा लागतो. दोन वर्षांनी रिटायर झालो की हे घर खाली करायचं. म्हटलं, एकदा तरी आपली म्हणून झाडं लावावीत.”

“आणि नंबर तुम्हीच घातलेत,” ताई आतून म्हणाली.

नोएडा, बुधवार

दोन बस बदलून यमुना ओलांडली. मयूर विहारच्या पुढे रस्त्याच्या एका बाजूला फुलकोबीचे मळे आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटचे सांगाडे. प्रत्येक सांगाड्यासमोर इंग्रजी पाटी, पाटीवर गोऱ्या बाळाला उचललेला गोरा बाप. आमच्याकडे गाव आधी वसतं आणि मग त्याला नाव पडतं. इथे नावं उभी होती, माणसं अजून यायची होती.

सोसायटीच्या सहा इमारती, त्यातल्या दोनच भरलेल्या. फाटकाशी प्लास्टिकचं कव्हर घातलेली नवी कोरी गाडी आणि तिच्याशेजारी सेक्रेटरी पेंडसे. माझ्याकडे पाहून ते भाऊजींना म्हणाले, “वानखेडे, तज्ज्ञ येणार होते ना?”

“मीच ती,” म्हटलं. “बी.एस्सी. कृषी.”

“अच्छा, अच्छा. या ना.” आणि लगेच फरशीचं काढलं. “माझा झाडांना विरोध नाही हो. पण बायकोचे गुडघे गेलेत. रस्त्यावर गाडी लावून तिला आतपर्यंत चालवायचं म्हणजे शिक्षा आहे. झाडं मरणारच असतील तर जागा का अडवायची?”

माणूस वाईट नव्हता. हे मी नंतर कबूल केलं, त्या दिवशी नाही.

मी रांगेने फिरले. आजारी शिसवांची पानं फिक्की, शेंड्याकडून विरळ. पाण्याच्या टाकीजवळची माती ओलीगच्च होती आणि तिथेच माळी रबरी पाइप घेऊन उभा. गिरधारी त्याचं नाव, पन्नाशीचा, जवळच्याच गावचा. मला कॉलेजातला धडा आठवला: पाणी साचलं की शिसवाच्या मुळांना बुरशी धरते, पानं पिवळी, झाड गेलं. झालं! पाच मिनिटांत रोग सापडला.

“पानी बहुत दे रहे हो,” मी म्हटलं. “जड़ें सड़ रही हैं.”

“बहनजी, पानी तो मैं...”

“बंद करो. एकदम बंद.”

त्याने पाइप खाली ठेवला आणि नळ बंद करायला गेला.

“म्हणजे माळ्याची चूक,” पेंडसे म्हणाले. “बरं झालं. सभेत तसं लिहून द्या. माळीही बदलू आणि झाडंही काढू.”

शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट ऐकूच आलं नाही. परतताना बस थांब्यावर छोले-कुलचे खाल्ले, भाऊजींना पैसे देऊ दिले नाहीत आणि सगळा रस्ता बुरशीवर भाषण दिलं.

नोएडा, गुरुवार

पुरावा हवा म्हणून दुसऱ्या दिवशी एकटीच करवत आणि खुरपं घेऊन गेले. पाण्यामुळे धरणाऱ्या त्या रोगात बुंध्याचं लाकूड कापलं की आत तांबड्या रेघा दिसतात. मी सात नंबरच्या वाळलेल्या झाडाचा बुंधा कापला. लाकूड स्वच्छ. दहा नंबरचा कापला. स्वच्छ.

मग टाकीजवळच्या ओल्या मातीतली झाडं पाहिली. तीच सगळ्यांत हिरवीगार होती. म्हणजे जिथे पाणी जास्त तिथे झाडं धडधाकट, आणि कोरड्या जागेतली मरतायत. काल ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी बघितली नव्हती.

तिथेच मातीत बसले आणि भाऊजींचा आलेख उघडला. पिवळे गोल: एक, चार, सात, दहा, तेरा. असंच पुढे एकतीसपर्यंत. प्रत्येक वेळी दोन झाडं सोडून तिसरं. पाणी असं मोजून झाडं निवडत नाही. कीडही नाही. असं मोजून फक्त माणूस लावतो.

गिरधारी भिंतीच्या सावलीत विडी ओढत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “कल मैं गलत थी. पानी की बात नहीं है. माफ करो, भैया.”

त्याने विडी विझवली. “मैं तो हफ्ते में एक बार देता हूँ. टंकी का वाल्व टपकता है, इसलिए वहाँ गीला है. कल बताता, पर आपने पूछा कहाँ.”

“आज पूछ रही हूँ. यहाँ पहले क्या था?”

“मेरा खेत था,” तो म्हणाला.

जमीन संपादनात गेली, सोसायटीला मिळाली आणि तो त्याच जमिनीवर माळी म्हणून लागला, हे त्याने दोन वाक्यांत उरकलं. मग उठला, पंपाच्या खोलीला पाठ लावून उभा राहिला आणि चालू लागला. “यहाँ मेड़ थी.” मेड़ म्हणजे आपला बांध. “मेड़ पर बापू ने शीशम लगाए थे. मेरी बहनों के ब्याह के पलंग के लिए.” तो पावलं मोजत होता. मोजून थांबला आणि जमिनीवर टाच आपटली. “एक.”

एक नंबरचं शिसव, मेलेलं.

पुन्हा तेवढीच पावलं. टाच. “दो.” चार नंबरचं, पिवळं.

अकरा वेळा तो थांबला आणि अकराही वेळा त्याच्याशेजारी आजारी झाड होतं. मी कुदळ मागितली. त्याने दिली नाही, स्वतःच खणू लागला.

वरचा दोन फूट भराव निघाला, विटांचे तुकडे आणि वाळू. त्याखाली कुदळ ‘थप्प’ करून बसली. जुन्या शिसवाचा खुंट. परातीएवढा रुंद, जमिनीलगत सपाट कापलेला आणि जिवंतपणी असावा तसा अजून मुळं पसरून बसलेला. बोटाने दाबलं तर लाकूड भिजलेल्या पावासारखं आत गेलं. कडेला बुरशीचं फळ आलं होतं, कानाच्या आकाराचं, लाख लावल्यासारखं तांबूस चकचकीत. आमच्या कोवळ्या शिसवाची मुळं त्या खुंटाला जाऊन भिडली होती आणि जिथे भिडली तिथून पांढरी पडून कुजत वर आली होती.

मी मुळाचा तुकडा तोडून हुंगला. आई असंच करायची. रोपाची पिशवी उलटी करून मूळ नाकाशी धरायची आणि म्हणायची, “मातीचा वास आला तर ठेव, अळंब्याचा आला तर फेक.” इथे अळंब्याचा वास होता. हा रोग पुस्तकात आहे, त्याचं लांबलचक नाव मला पाठ आहे. पण आईची परीक्षा मी केली असती तर बुधवारचा मूर्खपणा टळला असता.

“खुंट काढले का नाहीत? नुसतं वरून कापून भराव का टाकला?” मी हिंदीत विचारलं.

गिरधारीने कुदळीची माती निपटली. “मैं निकाल रहा था. बोले, टाइम नहीं है, पूजा है.”

“कोण बोललं?”

“बाबूजी से पूछ लेना.”

सरोजिनी नगर, शुक्रवार

ताईने संध्याकाळी खास वरण-भात, मेथीची भाजी केली होती. मीनू ताटावर बसल्या बसल्या विचारत होती, “मौसी, खुंट म्हणजे?”

“झाड कापल्यावर जमिनीत उरतं ते.”

“अच्छा, ठूँठ!”

भाऊजींचा हात ताटातच थांबला. मी विचारण्याची गरजच उरली नाही.

“भूमिपूजनाचा मुहूर्त होता,” ते सावकाश म्हणाले. “पंचांग पाहून काढलेला. मंत्रालयातले मोठे साहेब येणार होते, मराठी माणूस, म्हणून सगळे हरखलेले. दोन दिवस उरले आणि गिरधारीचा एक खुंटही पूर्ण निघेना. मांडवात खुर्च्या डुलायला लागल्या. मीच त्याला म्हणालो, राहू दे, वरून माती टाक. सपाट झालं की झालं.”

“आणि त्याच्यावरच झाडं लावलीत?”

“तोवर विसरलो होतो गं. खरंच विसरलो. भिंत तिथेच आली, रांग तिथेच आखली.”

कुणी जेवेना. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “सुमन, सभेत पाण्याचंच सांगितलं तर? तू तसं म्हणालीच आहेस. गिरधारीला काय, नोएडात आता माळ्यांना तोटा नाही कामाचा.”

मी त्यांच्या घरचं जेवत होते. लहानपणी माझ्या शाळेच्या पुस्तकांचं पार्सल दर जूनला याच माणसाने पाठवलं होतं. तरी म्हटलं, “नाही भाऊजी. पाणी म्हटलं तर उपाय काय, पाणी बंद. खुंट तसेच राहतील आणि पुढच्या वर्षी शेजारची, मग सगळीच जातील. मग फरशीच होईल. झाडं हवी असतील तर खुंट बाहेर काढावे लागतील आणि ते काढायचे तर ते आहेत हे सांगावं लागेल. मी सांगणार.”

“माझं नाव घेऊन?”

“खुंट आहेत एवढं मी सांगेन. नाव तुमचं तुम्ही बघा.”

ताईने वरणाचं पातेलं पुढे सरकवलं. “भात गार होतोय. आणि अहो, त्या दिवशी मी म्हटलं होतं, पूजेच्या जागेखाली कापलेली झाडं नकोत. तेव्हा म्हणालात, तुला काय कळतं.”

शनिवारी भाऊजी एकटेच कुठेतरी फिरून आले. मीनूने मला बाजारात नेलं. तिथे कपड्यांचे ढीग जमिनीवर आणि भाव आकाशात. निम्म्यावर आणायचे असतात म्हणे. मला घासाघीस जमत नाही. आईसाठी स्वेटर घेतला. चंद्रपुरात स्वेटर कोण घालतं हे घरी आल्यावर सुचलं.

नोएडा, रविवार

सभा तळमजल्यावरच्या अर्धवट हॉलमध्ये. सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे. गिरधारी दाराबाहेर उभा होता. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मूळ आणि ते तांबूस फळ घेऊन गेले होते.

पेंडसेंनी ठराव वाचला आणि म्हणाले, “आता तज्ज्ञबाई कारण सांगतील.”

मी उभी राहिले. “बुधवारी मी माळ्याची चूक म्हणाले होते. ते चुकीचं होतं. चूक माझी. गिरधारीने पाणी बरोबर घातलंय.” मग मूळ हातोहात फिरवलं आणि सगळं सांगितलं. बांध, बांधावरची झाडं, गाडलेले अकरा खुंट, त्यांना भिडलेली मुळं.

“हुंगून बघा,” म्हटलं. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी हुंगलं आणि समोसा खाली ठेवला.

“पण हे गाडले कुणी?” मागून आवाज आला. “कंत्राटदाराने असेल. त्याला नोटीस द्या!”

“बिल्कुल. कागद काढा त्याचे.”

मला वाटतं मी मनात दहापर्यंत मोजलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“मी गाडले,” भाऊजी म्हणाले. “गिरधारी काढत होता, मीच थांबवलं. मुहूर्तासाठी.”

पेंडसे काही बोलणार तोच त्यांच्या शेजारून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, खुर्ची डुलते म्हणून ओरडलं कोण होतं? मीच ना? आणि तुम्ही वानखेड्यांना म्हणालात, काहीही करा पण जमीन सपाट करा.”

लोक हसले. पेंडसेंचे कान लाल झाले. पण माणूस पक्का. “ठीक आहे. उपाय सांगा आणि मुदत सांगा. बुलडोझर आत येणार नाही, भिंतीखालून पाण्याची लाइन आहे.”

“हाताने काढायचे,” मी म्हटलं. “अकराही खुंट, मुळांसकट. आजारी झाडंही त्यांच्याबरोबर. चांगल्या आणि आजारी झाडांच्या मधे कमरेइतका चर. जे निघेल ते जाळायचं. आणि ते अकरा खड्डे दोन उन्हाळे उघडे ठेवायचे, काही लावायचं नाही.”

“दिवाळीपर्यंत,” पेंडसे म्हणाले. “एक जरी खुंट राहिला तरी फरशी.”

“दिवाळीपर्यंत,” भाऊजी म्हणाले.

ठराव तसा झाला. दुपारी भाऊजींनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक नंबरच्या खड्ड्यात उतरले. आयुष्यभर फायली उचललेले हात, पहिल्या तासातच फोड आले. गिरधारी वरून म्हणाला, “बाबूजी, कुदाल को कलम की तरह मत पकड़ो.” भाऊजींनी वर पाहिलं, हसले आणि हात बदलला. मी चराची रेषा आखून दिली, मुळं कशी तोडायची ते दाखवलं. उन्हं कलताना पहिला खुंट निघाला. उरले दहा. माझी गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

चंद्रपूर, परत आल्यावर

दिवाळीनंतर ताईचं पत्र आलं. अकरावा खुंट नरकचतुर्दशीच्या सकाळी निघाला. तो काही केल्या हलेना, तेव्हा पेंडसेंनी स्वतः होऊन नव्या गाडीला दोर बांधला. चाकं जागच्या जागी फिरली, सगळा चिखल पेंडसेंच्या दिवाळीच्या झब्ब्यावर, आणि दोर तुटला. शेवटी बाराजणांनी हाताने ओढला. पेंडसेबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि ‘जोर लगाके’ ओरडत होत्या. फरशीचा ठराव मागे घेतला. फाटकाशी त्यांच्या एका गाडीपुरती जागा करून दिली, गुडघ्यांसाठी.

खाली भाऊजींच्या अक्षरात: ‘दोन आणि आठ नंबर पिवळी पडत आहेत. चर घालायच्या आधीच मुळं भिडली असणार. काढतो आहे. सत्तावीस राहतील. गिरधारी विचारतो, खड्ड्यांत पुढे काय लावायचं, आणि म्हणतो, बहनजींनी या वेळी आधी मला विचारावं.’

मी उलट टपाली लिहिलं, गिरधारीला विचारा. तो सांगेल ते मी इथे पिशवीत वाढवून आणते, आणि आणायच्या आधी प्रत्येक मूळ आई हुंगून देईल.

दोन उन्हाळ्यांनंतरच्या रजेचा अर्ज आजच साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब हसले. “इतक्या आधी? तयारी कसली?”

म्हटलं, “तेरा खड्डे खणून तयार आहेत, सर.”